हुकुमाची तार

अमेरिकेंत मिशिगन सरोवराच्या एका उपसागराच्या कांठीं ट्रॅव्हर्स सिटी नांवाचें शहर आहे. चेरीच्या बागांबद्दल त्याची ख्याति; परंतु १९४० नंतरच्या दशकांत तेथील एका कारखान्यांत जो प्रकार चाले, तो अगदीं निराळ्या कारणानें इतिहासांत नोंदला गेला आहे. एका मिलिंग मशीनभोंवतीं तीन माणसें उभीं असत. एकाच्या हातांत आंकड्यांचा लांबलचक तक्ता असे. तो दोन आंकडे मोठ्यानें वाची. पहिला आंकडा ऐकून दुसरा मनुष्य आपल्यापुढील चाक फिरवी व यंत्राचें मेज तितकेंच डावी-उजवीकडे सरकवी; दुसरा आंकडा ऐकून तिसरा मनुष्य तेंच मेज पुढें-मागें सरकवी. कटर त्या बिंदूवर धातूचा लहानसा घांस घेई, आणि वाचणारा पुढची जोडी उच्चारी. शाळेंत पाढे म्हणतांना जसा ठेका धरतात, तसाच कांहींसा हा कारभार होता.

कारखाना जॉन पार्सन्स यांचा. या गृहस्थांपाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती; पण कारखान्यांतील खोळंबा कोठें होतो हें त्यांना नेमकें दिसे. हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्यांचीं कामें त्यांच्याकडे येत. पात्याचा आडवा छेद ही एक नाजूक वक्ररेषा असते; ती बरोबर उतरली आहे कीं नाहीं हें तपासण्यासाठीं धातूचे अचूक टेम्प्लेट लागतात. जुन्या रीतींत वक्ररेषेवरील सतराच बिंदू दिलेले असत. मधली जागा कारागीर वक्रपट्टीनें भरून काढी व मग कानशीनें घासून नजरेला बरी दिसेपर्यंत साफ करी. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन यांनीं हिशेब करणाऱ्या छिद्रपत्रांच्या यंत्रांवर त्याच रेषेचे दोनशे बिंदू काढून दिले. बिंदू जितके दाट, तितकें कानशीचें काम कमी. म्हणून तो तक्ता, म्हणून ते तिघे, आणि म्हणून ती हांकाटी.

आज अनेक शहरांतल्या घरांत, गॅलरीच्या कोपऱ्यांत किंवा गॅरेजमध्यें, हौशी माणसें लांकूड, प्लॅस्टिक, अ‍ॅल्युमिनियम कोरणारें लहानसें यंत्र स्वतः जुळवितात. त्याला सी. एन्. सी. म्हणतात, आंकड्यांच्या हुकुमानें चालणारें यंत्र एवढाच त्याचा अर्थ. त्या यंत्राची पेटी उघडून पाहिली तर ट्रॅव्हर्स सिटीचे ते तिघे तिच्यांत जसेच्या तसे सांपडतात. आंकडे वाचणारा तो ‘मोशन कंट्रोलर’. चाकाशीं उभे असलेले दोघे म्हणजे ‘स्टेपर ड्रायव्हर’ आणि त्यांच्या मोटरी. तिघांच्या मधली हांक तेवढी आतां तारेंतून जाते. फरक एकच, पण तो लहान नव्हे. चाकावरच्या माणसाला आंकडा नीट ऐकूं आला नाहीं, तर तो मान वळवून ‘काय म्हणालांत?’ असें विचारूं शके. तारेच्या दुसऱ्या टोंकाला असलेली मोटर असें कांहीं विचारीत नाहीं. हा फरक कसा उत्पन्न झाला, हीच खरी कथा आहे.

छिद्रांनीं यंत्राला हुकूम देण्याची कल्पना पार्सन्स यांच्याहून पुष्कळ जुनी. फ्रान्समधील लियाँ शहरांत रेशमाच्या मागावर बूशाँ यानें १७२५ सालीं छिद्रें पाडलेला कागद वापरला, आणि १८०४ च्या सुमारास जॅकार्डनें पुठ्ठ्यांची माळ ओंवून तिला पक्कें रूप दिलें. नक्षीचे कांठ विणणाऱ्या मागाच्या डोक्यावर फिरणारी पुठ्ठ्यांची माळ ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना जास्त सांगावयास नको. परंतु मागापुढें प्रश्न एवढाच असतो कीं, हा धागा उचलावयाचा किंवा नाहीं. कटरपुढें प्रश्न तीन : किती, कोणत्या दिशेनें आणि किती वेगानें. शिवाय धागा हुकुमाला विरोध करीत नाहीं, पोलाद करतें.

१९४९ च्या जूनमध्यें अमेरिकन विमानदळानें पार्सन्स यांना असें यंत्र तयार करण्याचें कंत्राट दिलें. यंत्रांना काटेकोर गति देण्याचा प्रश्न अवघड, म्हणून त्यांनीं तें काम मॅसॅच्युसेट्स येथील एम्. आय्. टी. या विख्यात संस्थेच्या सर्वोमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे सोंपविलें. पुढें पाहुण्यानें घर बळकवावें तसें झालें. प्रयोगशाळेनें योजना आपल्या पद्धतीनें वाढविली, विमानदळ तिच्याशींच बोलूं लागलें, आणि मूळ कल्पनेचा धनी बाजूला पडला. सप्टेंबर १९५२ मध्यें प्रयोगशाळेनें आपलें यंत्र लोकांना दाखविलें. सिनसिनाटी कंपनीचें ‘हायड्रो-टेल’ जातीचें मिलिंग मशीन कागदी फितीवरील छिद्रांच्या आज्ञेनें तिन्ही दिशांना एकाच वेळीं चालत होतें. शेजारीं निर्वात नळ्या आणि रिले यांनीं गच्च भरलेलीं, मोठ्या शीतपेट्यांएवढालीं कपाटें उभीं होतीं. पार्सन्स यांना १९५८ सालीं पेटंट मिळालें, आणि राष्ट्रीय सन्मान मिळावयास १९८५ साल उजाडावें लागलें.

एम्. आय्. टी. च्या यंत्रांतील महत्त्वाची गोष्ट फीत नव्हे. मेज खरोखर किती सरकलें याची खबर तें यंत्र दर क्षणीं परत घेत असे. हुकूम आणि कृति यांत अंतर पडलें तर तें अंतरच मोटरीला पुढें रेटी, आणि अंतर शून्य झालें कीं मोटर थांबे. ‘सर्वो’ पद्धति ती हीच. तिच्यांत तारा दोन्ही बाजूंनीं बोलतात. या दुहेरी संभाषणाला जी विद्या व जो पैसा लागतो, तो त्या काळीं सरकारी खजिन्यावांचून कोणापाशीं नव्हता. कारखानदार यंत्रें घेण्यास कचरूं लागले तेव्हां त्या दशकाच्या उत्तरार्धांत शंभराहून अधिक यंत्रें सरकारनेंच विकत घेऊन विमानांच्या कारखान्यांत बसविलीं.

याच सुमारास दुसरा एक मार्ग उपलब्ध होता, आणि तो कां सोडला गेला हा प्रश्न अजून मिटलेला नाहीं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९४७ च्या सुमारास असें यंत्र तयार केलें होतें कीं, कुशल कारागिरानें एकदां काम करून दाखवावें, त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय फितीवर उतरवून घ्याव्या, आणि मग यंत्रानें त्या पुन्हां पुन्हां कराव्या. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनीं १९८४ सालीं ग्रंथ लिहून असा पक्ष मांडला कीं, ही पद्धत मागें पडली ती केवळ तांत्रिक उणिवेमुळें नव्हे. कामाची किल्ली कारागिराच्या हातून काढून कचेरीत नेण्याची व्यवस्थापकांना हौस होती. या म्हणण्याला उत्तर असें कीं, विमानाच्या पंखाचे कांहीं आकार मुळांत कोणत्याही हातानें दाखविण्याजोगे नव्हते, ते गणितानेंच लिहावयाचे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात, आणि बहुधा आहेतही. कर्ट व्होनेगट हा लेखक त्या कंपनींत नोकरीस होता. तेथें आपोआप चालणारें मिलिंग मशीन पाहून त्याला ‘प्लेअर पियानो’ ही कादंबरी सुचली. ती १९५२ सालचीच.

आतां स्टेपर मोटरीकडे वळावें. तिचें कूळ कारखान्यांतलें नसून आरमारांतलें आहे. युद्धनौकेच्या उंच मनोऱ्यावर बसलेला अधिकारी नेम घेई. तो नेम खालीं तोफेपाशीं पोंचविण्यासाठीं ब्रिटिश नौकांवर अशा मोटरी वापरीत कीं, तारेंतून एक धक्का आला कीं सुई नेमकें एक पाऊल सरके. १९१९ सालीं अ‍ॅबर्डीन येथील सी. एल्. वॉकर यानें बारीक दांत्यांची मोटर करून हें पाऊल पुष्कळ लहान केलें. आज घरोघरच्या यंत्रांत जी मोटर आहे, तिचा सांचा मात्र फायर्टाग आणि डोनाहू या अमेरिकन संशोधकांचा. त्यांचें पेटंट मार्च १९५२ चें, म्हणजे एम्. आय्. टी. चें यंत्र लोकांपुढें येण्यापूर्वीं सहाच महिने. गंमत अशी कीं, ती मोटर पावलें टाकण्यासाठीं केलेलीच नव्हती. गिअरवांचून सावकाश फिरणारी विजेची मोटर त्यांना हवी होती. तिच्या फिरत्या भागावर चुंबकाच्या दोन्ही टोंकांना पन्नास पन्नास दांत्यांच्या टोप्या असतात, आणि एकीचे दांते दुसरीच्या दांत्यांच्या मधोमध येतात. बाहेरच्या दोन वेटोळ्यांतील प्रवाहाची दिशा पाळीपाळीनें बदलीत गेलें कीं एका फेऱ्याची दोनशे पावलें होतात. एक पाऊल १·८ अंशांचें.

या मोटरीचा गुण आणि अवगुण एकच आहे. तिला खबर परत द्यावी लागत नाहीं, म्हणून ती स्वस्त. शंभर धक्के दिले कीं ती शंभर पावलें गेली असेल, असें धरून चालावयाचें. मधेंच लांकडाची गांठ लागली, कटर अडकला आणि ती नव्वदच गेली, तर राहिलेलीं दहा पावलें कोठेंच लिहिलीं जात नाहींत. पुढचें सगळें काम तेवढ्यानें बाजूला पडतें. जपानांत फुजित्सू कंपनीच्या सेइउएमोन इनाबा यांनीं १९५९ सालीं स्टेपर मोटरीला तेलाच्या दाबाची जोड देऊन मोठमोठीं यंत्रें चालविलीं, व तिच्यावरच आपल्या धंद्याची उभारणी केली. परंतु १९७३ च्या तेलटंचाईनंतर त्यांनीं आपलें लाडकें अपत्य बाजूला ठेविलें, आणि एका अमेरिकन कंपनीकडून परवाना घेऊन सर्वो मोटर स्वीकारली. स्वतःच्या शोधाला इतक्या शांतपणें निरोप देणारे लोक विरळा. मोठ्या कारखान्यांपुरता हा निकाल कायम झाला.

कारखान्यांनीं टाकलेली ही मोटर घरांत मात्र मागील दारानें आली. १९८० नंतर प्रत्येक प्रिंटरमध्यें कागद सरकवावयास आणि प्रत्येक फ्लॉपीच्या पेटींत वाचणारा कांटा हालवावयास अशीच एक लहानगी मोटर असे. यंत्र मोडीत निघालें कीं हौशी मनुष्य तिच्यांतील मोटर काढून घेई. तिला चालवावयास संगणकाचा तोच प्रिंटरचा पंचवीस टोंचण्यांचा जोड पुरे. एका टोंचणीवर धक्का, दुसरीवर दिशा. राहिला हुकूम लिहिणारा. अमेरिकन सरकारच्या मानक संस्थेनें, म्हणजे निस्टनें, १९९० नंतरच्या दशकांत कारखान्यांसाठीं एक नियंत्रण-प्रणाली लिहविली होती. सरकारी नोकरांच्या लेखनावर त्या देशांत स्वामित्वहक्क नसतो, त्यामुळें ती जगाला मोकळी झाली. आज ती ‘लिनक्स-सी. एन्. सी.’ या नांवानें चालते. ज्या सरकारच्या पैशानें १९५२ चीं कपाटें भरलीं, त्याच सरकारच्या कागदपत्रांतून ही विद्या घरच्या मेजावर उतरली.

पुढें संगणकांतून तो पंचवीस टोंचण्यांचा जोडच नाहींसा झाला. शिवाय संगणकाला इतकीं व्यवधानें कीं, ठरल्या क्षणींच धक्का देणें त्याला जमेना. आणि धक्का उशिरां गेला तर मोटर अडखळते. म्हणून धक्के मोजण्याचें काम वेगळ्या लहान पाटीकडे देण्याची रीत पडली. नॉर्वेंतील सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनीं २००९ सालीं ‘जी-आर्-बी-एल्’ प्रणाली लिहिली. ती आर्ड्युइनो नांवाच्या इटालियन पाटीवर चालते, आणि त्या पाटीवरील चिपची स्मृति अवघी ३२ किलोबाइट. तेवढ्या जागेंत वक्ररेषेचें गणित, वेग चढविणें-उतरविणें आणि तीन मोटरींना हुकूम, हें सर्व बसलें. जॉन पार्सन्स त्यापूर्वीं दोन वर्षें, २००७ मध्यें, निवर्तले होते.

विद्या स्वस्त झाली, पण परत खबर न देणाऱ्या मोटरीचा स्वभाव बदलला नाहीं. त्यामुळें एम्. आय्. टी. मध्यें जें ओझें यंत्राच्या बुद्धीवर होतें, तें घरच्या यंत्रांत जोडणाऱ्याच्या हातावर येऊन पडलें. ओझें किती, हें थोड्या हिशेबानें कळेल. दोनशे पावलांच्या मोटरीचें प्रत्येक पाऊल ड्रायव्हर दहा भागांत तोडतो असें धरलें, तर एका फेऱ्याला दोन हजार धक्के लागतात. स्क्रू एका फेऱ्यांत ५ मिलिमीटर पुढें जात असेल, तर एका मिलिमीटरला ४०० धक्के. मिनिटाला ३ मीटर वेगानें मेज सरकवावयाचें तर सेकंदाला वीस हजार धक्के बिनचूक पोंचले पाहिजेत. जी-आर्-बी-एल् ची धांव तीस हजारांच्या आसपास संपते. ट्रॅव्हर्स सिटीच्या वाचणाऱ्यानें एका सेकंदांत वीस हजार आंकडे उच्चारावे, आणि एकही चुकूं नये, असा हा मामला आहे.

ड्रायव्हरच्या पेटीवर एका बाजूला हुकुमाचीं टोंकें असतात : धक्का, दिशा आणि ‘चालूं ठेव’. बऱ्याच ड्रायव्हरांत आंत एक इवलासा दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा तुकडा असतो. नियंत्रकाचा हुकूम त्या फटींतून प्रकाशाच्या रूपानें पलीकडे जातो, तारेनें नव्हे. त्यामुळें मोटरीकडील जबर वीज नाजूक पाटीवर उलटून येत नाहीं. येथें दोन चुका नेहमींच्या. पांच व्होल्टांसाठीं असलेल्या टोंकाला रोधकावांचून चोवीस व्होल्ट दिले, तर तो दिवा जळतो. दुसरी चूक अधिक लबाड असते. धक्क्याची बाजू उलटी मानली गेली, म्हणजे जेथें तो संपतो तेथेंच ड्रायव्हर त्याला सुरू झाला असें समजला, तर दिशा बदलण्याच्या क्षणीं एक पाऊल भलतीकडे पडतें. यंत्र चालतें, आवाज ठीक येतो, पहिला नमुनाही बरोबर निघतो. परंतु शेंकडों वेळां मागें-पुढें झाल्यावर नक्षी हळूहळू एका अंगाला कललेली दिसते, आणि मनुष्य बिचारा स्क्रूला दोष देत बसतो.

दुसऱ्या बाजूला मोटरीच्या चार तारा. कोणत्या दोन एका वेटोळ्याच्या, हें रंगांवर विसंबून ठरवूं नये. दोन टोंकें एकमेकांना चिकटवून दांडा बोटांनीं फिरवून पाहावा. तो जड लागला तर जोडी मिळाली. एका जोडीची तार दुसरीत मिसळली तर मोटर थरथरते, पण फिरत नाहीं. एकाच जोडीचीं टोंकें उलटलीं तर उलटी फिरते, आणि त्यांत कांहीं बिघडत नाहीं. परंतु वीज चालूं असतांना मोटरीची तार सुटली तर ड्रायव्हर बहुधा प्राणास मुकतो, कारण वेटोळ्यांत सांठलेली शक्ति त्या क्षणीं त्याच्यावरच उसळते. तीन व्होल्टांच्या मोटरीला छत्तीस व्होल्टांचा पुरवठा पाहून नवशिके घाबरतात. वास्तविक ड्रायव्हर तो पुरवठा सेकंदाला हजारों वेळां तोडून-जोडून प्रवाह ठरल्या मापांत ठेवतो. जास्त दाब हवा तो वेटोळ्यांत प्रवाह लवकर चढावा म्हणून. नाहींतर वेग वाढला कीं मोटरीचें बळ ओसरतें.

हेंच तोडणें-जोडणें शेजारच्या तारांना उपद्रव देतें. कटर फिरविणाऱ्या स्पिंडलची तार हुकुमाच्या तारांशीं एकत्र बांधली, तर तिच्यांतील खळबळीनें हुकुमाच्या तारेंत खोटे धक्के उमटतात. शंभर खोटे धक्के म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणून जाळीचें कवच असलेली तार वापरतात, आणि कवच सामान्यतः नियंत्रकाच्या एकाच टोंकाला अर्थिंगशीं जोडतात. दोन्ही टोंकांना जोडलें तर कवचांतूनच प्रवाह फिरूं लागण्याचा संभव.

सर्वांत मोठें शहाणपण मात्र बटणांच्या जोडणींत आहे. मेज शेवटच्या टोंकाला पोंचलें हें सांगणारें बटण दोन प्रकारें जोडतां येतें. दाबल्यावर मंडळ पूर्ण व्हावें अशी जोडणी केली, तर तार उंदरानें कुरतडली तरी कोणाला पत्ता लागत नाहीं. दाबल्यावर मंडळ तुटावें अशी केली, तर तुटलेली तार आणि दाबलेलें बटण दोन्ही सारखींच दिसतात, व यंत्र थांबतें. लाल रंगाचें मोठें आणीबाणीचें बटणही असेंच जोडावें, आणि त्यानें नियंत्रकाची विनवणी न करतां मोटरी व स्पिंडल यांची वीजच तोडावी. कारण ज्या घटकेला तें बटण लागतें, त्या घटकेला नियंत्रक ऐकण्याच्या स्थितींत असेलच असें नाहीं. कांहीं प्रणालींत आणखी एक युक्ति असते : संगणक जिवंत आहे तोंवर एका तारेवर सेकंदाला साडेबारा हजार स्पंदनें सोडीत राहतो. नाडी थांबली कीं सर्व मोटरी बंद.

अलीकडे हौशी लोकांच्या आवांक्यांत अशाही स्टेपर मोटरी आल्या आहेत, ज्यांच्या पाठीवर फेरे मोजणारी चकती असते. पाऊल हुकलें तर ड्रायव्हर तें स्वतः भरून काढतो. अंतर फार पडलें तर थांबतो आणि एका वेगळ्या टोंकावर धोक्याची खूण देतो. एम्. आय्. टी. च्या कपाटांतील संभाषण असें निम्मेंशिम्में परत आलें आहे. निम्में अशासाठीं कीं, ही खबर ड्रायव्हरपर्यंतच येते. त्या टोंकापासून नियंत्रकापर्यंत आणखी एक तार ओढावी लागते. ती ओढली नसेल, तर एक मोटर निमूटपणें थांबलेली असते, दुसऱ्या दोन चालत राहतात, आणि नियंत्रक पुढची जोडी वाचीतच असतो.